जीवनकार्याचा शोध : पंडिता रमाबाई

आपण कशासाठी जगतो, हा प्रश्न प्रत्येक विचारी माणसाला कधी ना कधी पडतो. काहींना त्याचे उत्तर सहज मिळते, तर काहींना त्यासाठी अर्धे आयुष्य भटकावे लागते. पंडिता रमाबाईंच्या बाबतीत ही भटकंती केवळ मनाची नव्हती. ती पायांचीही होती. कर्नाटकातील अरण्यापासून आसामच्या सिल्चरपर्यंत, पुण्यापासून इंग्लंड-अमेरिकेपर्यंत आणि तेथून पुन्हा पुण्याजवळच्या केडगावच्या माळरानापर्यंत त्यांचा प्रवास झाला. या प्रवासात त्यांना श्रद्धा गवसली आणि त्या श्रद्धेच्या आधारे करावयाचे कामही गवसले. मात्र दोन्हींची किंमत त्यांना मोजावी लागली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रांगांतील गंगामूळ या निबिड वनप्रदेशात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. विद्यार्थिदशेत पुण्यास असताना त्यांचे गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवीत असत. ते पाहून स्त्रियांनाही ही विद्या द्यावी, असे अनंतशास्त्रींच्या मनाने घेतले. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवण्यास आरंभ केला. त्या काळी हे अघटित मानले गेले. शास्त्रीमंडळींचा रोष ओढवला, वादविवाद झाले. परंतु अनंतशास्त्रींनी आपला निश्चय सोडला नाही. पुढे लक्ष्मीबाईंनीच लहानग्या रमेला पहाटेच्या वेळी जवळ घेऊन श्लोक पढवले. वयाची बारा-तेरा वर्षे होईतो भागवताचे हजारो श्लोक रमेला मुखोद्गत झाले होते.

अनंतशास्त्री धर्मनिष्ठ होते. तीर्थयात्रा, दानधर्म आणि पुराणकथन यांतच त्यांचे आयुष्य चालले होते. घरदार कर्जापायी गेल्यावर सारे कुटुंब तीर्थक्षेत्रांतून हिंडू लागले. देवळाच्या आवारात पुराण सांगावे, लोकांनी वाहिलेले धान्य घ्यावे आणि पुढची वाट धरावी, असा त्यांचा क्रम होता. पुढे १८७० च्या दशकात दक्षिण हिंदुस्थानात भीषण दुष्काळ पडला. पुराण ऐकण्यास श्रोता उरला नाही आणि मोलमजुरी करण्याची तर या कुटुंबाला सवयच नव्हती. उपासमारीने आणि आजाराने प्रथम वडील, मग आई आणि त्यानंतर थोरली बहीण गेली. मागे उरले श्रीनिवास आणि रमा हे बहीणभाऊ. त्या दोघांनी हजारो मैलांची पायपीट केली. नदीकाठच्या वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून थंडीची रात्र काढण्याचे प्रसंगही त्यांच्यावर आले. भुकेची ही ओळख रमाबाई कधीच विसरल्या नाहीत. पुढे वीस वर्षांनी त्यांनी जे महत्कार्य हाती घेतले, त्याचे मूळ या दिवसांत होते.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची एक तरुणी अस्खलित संस्कृतात बोलते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन तिचा गौरव केला. रमाबाईंचे नाव देशभर झाले. स्त्रियांना धर्मशास्त्रातील कर्तव्ये समजावून सांगावीत, अशी विनंती त्यांना करण्यात आली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ बारकाईने अभ्यासले. त्या अभ्यासाने त्यांच्या मनात मोठी खळबळ माजवली. ग्रंथांचे अनेक बाबतींत परस्परांशी जुळत नव्हते, परंतु स्त्री आणि शूद्र यांना हीन लेखण्याच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे एकमत होते, असे त्यांना आढळले. ज्ञानाची आणि मोक्षाची वाट आपल्याला बंद असेल, तर आपण आजवर केलेल्या व्रतांचा, यात्रांचा आणि उपवासांचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांना छळू लागला. ब्राह्म समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास दिले. तरीही मनाचे समाधान झाले नाही.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवास निवर्तला. त्याच वर्षी रमाबाईंनी सिल्चर येथील वकील बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर बंगाली आणि त्या काळी शूद्र गणल्या गेलेल्या जातीचा. वधू महाराष्ट्रीय ब्राह्मण. या विवाहाने दोघांचेही आप्तस्वकीय दुरावले, पण संसार सुखाचा होता. पतीच्या पुस्तकसंग्रहात रमाबाईंना बंगाली भाषेतील लूककृत शुभवर्तमान सापडले. एका बॅप्टिस्ट मिशनऱ्याकडून त्यांनी बायबलची अधिक माहिती करून घेतली. पत्नीने त्या धर्माकडे वळावे, हे बिपिनबाबूंना रुचणारे नव्हते, म्हणून तो विषय तेथेच थांबला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा हिचा जन्म झाला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीच्या विकाराने बिपिनबाबूंचा अंत झाला. तेवीस वर्षांच्या रमाबाई विधवा झाल्या. माहेर नाही, सासर नाही आणि पदरी दहा महिन्यांचे मूल, अशी त्यांची स्थिती झाली.

त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि त्यांच्या सुधारक मित्रांनी त्यांचे स्वागत केले. १ जून १८८२ रोजी त्यांनी ‘आर्य महिला समाज’ स्थापन केला. गावोगावी व्याख्याने दिली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे साक्ष दिली. या देशातील स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षक आणि स्त्री-डॉक्टर तयार झाले पाहिजेत, असा आग्रह त्यांनी त्या साक्षीत धरला. आपण स्वतःच डॉक्टर व्हावे आणि आपल्या भगिनींची सेवा करावी, असे त्यांनी ठरवले. आपले जीवनकार्य आपल्याला सापडले, असे त्यांना त्या वेळी वाटले असले पाहिजे. पुस्तकाच्या विक्रीतून आलेल्या पैशांवर १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. बरोबर चिमुकली मनोरमा होती आणि आनंदीबाई भगत ही सोबतीण होती.

इंग्लंडमधील वाँटेज या गावी सेंट मेरी मठातील भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. तेथे दोन आघात झाले. आनंदीबाईंचा दुर्दैवी मृत्यू ओढवला. शिवाय रमाबाईंची श्रवणशक्ती मंद होत चालली होती. त्यामुळे वैद्यकीय शिक्षण घेणे त्यांना शक्य होणार नाही, हे स्पष्ट झाले. ज्या हेतूने समुद्र ओलांडला, तो हेतूच असा हातातून निसटला.

याच काळात त्यांनी लंडनमधील फुलहॅम येथील एक आश्रयगृह पाहिले. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी शुश्रूषा करीत होत्या. त्यांना हिणवणे नव्हते, की त्यांचा तिरस्कार नव्हता. अशा स्त्रियांनाही नव्याने जगता येते, या विश्वासावर ते घर चालले होते. असे काही रमाबाईंनी पूर्वी पाहिले नव्हते. या करुणेचा उगम कोठे आहे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना येशू ख्रिस्त आणि विहिरीवर आलेली शोमरोनी स्त्री यांची कथा वाचून दाखवण्यात आली. परजातीच्या आणि लोकांनी नावे ठेवलेल्या त्या स्त्रीला ख्रिस्ताने अव्हेरले नाही. उलट परमेश्वराच्या खऱ्या उपासनेचे रहस्य तिलाच सांगितले. कलकत्त्यापासून मनात सलत असलेल्या प्रश्नाचे उत्तर रमाबाईंना या कथेत मिळाले. मूळचे काशीचे पंडित आणि पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या पत्रांनीही त्यांच्या बुद्धीचे समाधान होण्यास साहाय्य झाले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई आणि मनोरमा यांनी बाप्तिस्मा घेतला.

या घटनेने महाराष्ट्रात खळबळ उडाली. कालपर्यंत गौरव करणाऱ्यांपैकी अनेकांनी पाठ फिरवली. परंतु धर्म बदलला, तरी रमाबाईंनी आपली विवेकबुद्धी कोणाकडे गहाण ठेवली नाही. चर्चची काही मते त्यांना पटली नाहीत, तेव्हा त्यांनी तसे स्पष्ट लिहून कळवले. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवू लागल्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, याचा निर्णय बिशपांनी घेऊ पाहिला, तेव्हा त्यांनी तो अधिकार नाकारला. क्रॉसवरील अक्षरे लॅटिनमध्येच का असावीत, ती संस्कृतमध्ये का नकोत, असाही प्रश्न त्यांनी केला. त्यांनी शाकाहार सोडला नाही, की साध्या पांढऱ्या साडीचा भारतीय वेशही टाकला नाही. ख्रिस्ताचे अनुयायी होण्यासाठी इंग्रज व्हावे लागत नाही, हे त्यांनी आपल्या आचरणातून दाखवून दिले.

डॉक्टर होण्याचे स्वप्न विरले होते. ते दुसऱ्या एका मराठी स्त्रीने साकार केले. रमाबाईंच्या नात्यातील आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळाली. त्या सोहळ्यासाठी रमाबाई मुद्दाम अमेरिकेस गेल्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या रमाबाई तेथे जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्यांनी शाळा पाहिल्या, बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास केला आणि मुलांसाठी मराठी क्रमिक पुस्तके लिहिली. १८८७ मध्ये त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. बालविवाह आणि वैधव्य यांत पिचणाऱ्या स्त्रियांची दशा त्यातून अमेरिकन वाचकांपुढे आली. त्याच वर्षी बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने भारतातील विधवांच्या शाळेला दहा वर्षे अर्थसाहाय्य करण्याचे वचन दिले. वैद्यकाची वाट बंद झाली, तेथे शिक्षणाची वाट उघडली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झाले. पुढील वर्षी ते पुण्यास हलवण्यात आले. केशवपनाने विद्रूप केलेल्या आणि घराच्या कोपऱ्यात कोंडलेल्या बालविधवांना येथे लेखन-वाचन, स्वच्छ निवास आणि मायेचा शब्द मिळू लागला. आरंभीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई ही बालविधवा होती. १८९३ मध्ये तिचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. महर्षी कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांच्या शिक्षणासाठी संस्था उभारली, तेव्हा शारदा सदनाचे उदाहरण त्यांच्यासमोर होतेच.

शारदा सदनात धर्मशिक्षण द्यावयाचे नाही, प्रत्येक मुलीने आपापला धर्म पाळावा, असे आरंभीच ठरले होते. त्या विश्वासानेच हिंदू पालक मुली पाठवीत होते आणि रानडे, भांडारकर यांच्यासारखे सुधारक सल्लागार मंडळावर होते. परंतु १८९१ च्या सुमारास रमाबाईंच्या अंतर्जीवनात आणखी एक परिवर्तन घडले. आपण ख्रिस्ती धर्म बुद्धीने स्वीकारला, पण ख्रिस्ताला अद्याप अंतःकरणापासून ओळखले नाही, असे त्यांना जाणवले. तेव्हापासून त्यांची श्रद्धा अधिक उत्कट आणि उघड झाली. त्या मुलीसह प्रार्थनेस बसत, तेव्हा खोलीचे दार उघडे असे. काही विद्यार्थिनी आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. ही वार्ता बाहेर पसरताच पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि वीसहून अधिक मुलींना पालकांनी काढून नेले.

या वादात दोन्ही बाजूंना आपापली न्याय्य भूमिका होती. आपण ज्या भरवशावर मुली सोपवल्या, तो भरवसा ढळला, असे पालकांना वाटले, तर त्यात नवल नव्हते. उलट, मुलींना जे धर्मस्वातंत्र्य आहे तेच आपल्यालाही असले पाहिजे आणि दार लावून प्रार्थना करणे म्हणजे श्रद्धा लपवणे होय, असे रमाबाईंना वाटत होते. आपले काम आणि आपली श्रद्धा एकमेकींपासून वेगळ्या ठेवता येतील का, हा पेच त्यांच्यापुढे उभा होता. रमाबाईंनी दोन्हींपैकी एकीचाही त्याग केला नाही. त्यासाठी जुन्या मित्रांना गमवावे लागले, तेही त्यांनी स्वीकारले.

अमेरिकेची दहा वर्षांची मदत संपल्यावर संस्थेला स्वतःच्या पायांवर उभे राहता यावे, म्हणून रमाबाईंनी पुण्यापासून सुमारे ५५ किलोमीटरवर केडगाव येथे शेतीसाठी जमीन घेतली होती. तेथे फळबाग लावावी, विहिरी खणाव्यात आणि उत्पन्नावर सदन चालवावे, असा व्यवहारी बेत होता. पण या जमिनीचा उपयोग निराळ्याच कारणासाठी व्हायचा होता. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळाने हाहाकार माजवला. ती बातमी ऐकताच रमाबाईंना आईवडिलांचे अखेरचे दिवस आठवले. त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या. तेथे अन्नावाचून सांगाडे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या. असहाय मुलींना पळवून नेणाऱ्या दुष्टांचे उद्योगही पाहिले. हाताशी पुरेसा पैसा नव्हता, जागा नव्हती; तरी त्यांनी सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया आपल्याबरोबर आणल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ होती. त्यामुळे या सर्वांना केडगावच्या शेतावर तात्पुरत्या निवाऱ्यात ठेवावे लागले. त्यातूनच १८९८ मध्ये ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला, तेव्हा सदनातील स्त्रियाच तेथे मदतीस गेल्या आणि आणखी शेकडो निराधारांना घेऊन आल्या. काही काळातच केडगावची वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना रोज अन्न, वस्त्र आणि निवारा देणे ही सामान्य गोष्ट नव्हे. निश्चित उत्पन्न नसताना, प्रार्थनेवर आणि लोकांनी आपण होऊन दिलेल्या देणग्यांवर हा संसार चालला. मात्र रमाबाईंची श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. मुक्तीमधील प्रत्येक स्त्रीने काही ना काही काम शिकले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. शेती, गाईंची निगा, हातमाग, शिवणकाम, तेलाचा घाणा, धुलाई आणि छपाई अशी अनेक कामे तेथे स्त्रियाच करीत. अंध स्त्रियांसाठी निराळी सोय होती. मनोरमाबाईंनी त्यांना ब्रेल लिपीतून शिकवण्याची व्यवस्था केली. समाजाने वाळीत टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ उघडण्यात आले. फुलहॅमच्या आश्रयगृहात रमाबाईंच्या मनात पडलेले बीज केडगावच्या मातीत असे रुजले. येथे जातिभेदाला थारा नव्हता. येणारी स्त्री उपाशी आणि निराधार आहे, एवढी ओळख पुरेशी होती.

आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी आणखी एक अवघड काम अंगावर घेतले. बायबलची तत्कालीन मराठी भाषांतरे संस्कृतप्रचुर आहेत, खेड्यातील अल्पशिक्षित स्त्रीला ती समजत नाहीत, असे त्यांच्या ध्यानात आले. बालपणी संस्कृतात पारंगत झालेल्या या विदुषीने आता सोप्या मराठीची कास धरली. मूळ ग्रंथ समजून घेण्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकल्या. भाषांतराचे हे काम सुमारे दीड तप चालले. नव्या कराराचे भाषांतर १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. या ग्रंथाची जुळणी आणि छपाई मुक्तीमधील स्त्रियांनीच केली. त्यांतील कित्येक जणी केडगावला आल्या, तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती.

१९१९ मध्ये सरकारने रमाबाईंना ‘कैसर-इ-हिंद’ पदक दिले. परंतु त्यांच्या आयुष्यातील अखेरचा घाव अजून बाकी होता. मनोरमाबाई उच्चविद्याविभूषित होत्या. शारदा सदनाची धुरा त्यांनी सांभाळली होती आणि आईच्या पश्चात सारे कार्य त्याच पुढे नेतील, असे सर्वांनी गृहीत धरले होते. १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मनोरमाबाई निवर्तल्या. आईवडील, बहीणभाऊ आणि पती यांच्यामागोमाग एकुलती एक मुलगीही गेली. रमाबाई खचल्या होत्या, प्रकृती ढासळली होती. तरीही त्या भाषांतराची मुद्रिते तपासत राहिल्या. काम पूर्ण झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांनी देह ठेवला. संपूर्ण बायबलचे त्यांचे मराठी भाषांतर १९२४ मध्ये प्रकाशात आले. त्यांच्या स्मरणार्थ भारत सरकारने १९८९ मध्ये टपाल तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन निराधार स्त्रिया व मुले यांच्यासाठी आजही कार्यरत आहे.

रमाबाईंच्या काही निर्णयांविषयी त्यांच्या हयातीत मतभेद झाले आणि पुढेही होत राहिले. तथापि, त्यांच्या चरित्रातील एक सूत्र कोणालाही नाकारता येत नाही. पुराण सांगणारी मुलगी, कलकत्त्यात गौरवलेली पंडिता, डॉक्टर होऊ पाहणारी विधवा आणि शाळा चालवणारी शिक्षिका, अशा एकेका भूमिकेतून त्या पुढे सरकल्या. दर वेळी एक वाट बंद झाली की त्यांनी दुसरी शोधली. परंतु कोणाची सेवा करायची, याविषयी त्यांचे मन कधी द्विधा झाले नाही. बालपणी सोसलेली भूक, ग्रंथांत वाचलेली स्त्रीची उपेक्षा आणि ऐन तारुण्यात आलेले वैधव्य हे सारे दुःख त्यांनी केडगावला आणलेल्या मुलींच्या उपयोगी लावले. ख्रिस्ताने विहिरीवरच्या त्या एका स्त्रीला ज्या दृष्टीने पाहिले, त्याच दृष्टीने आपण या प्रत्येक मुलीकडे पाहावे, हेच त्यांनी आपले जीवनकार्य मानले होते.